डावीकडची सही

सावेडी, अहिल्यानगर

चि. सोनू,


परवा फोनवर बोलता बोलता तू मध्येच थांबलीस आणि "ठेवते आत्या, उद्या लवकर जायचंय" म्हणून फोन ठेवून दिलास. तुझ्या आवाजावरून मला कळायचं ते कळलं. तुझ्या बाबाला मी काही बोलले नाही. रात्री झोप मात्र लागली नाही, म्हणून हे पत्र लिहायला बसले. फोनवर तू नुसतं "हो, हो" करतेस. कागद मात्र तू नीट वाचतेस, लहानपणापासून.

तू सांगितलंस ते आधी माझ्या शब्दांत मांडते. चुकलं असेल तर कळव. तुला महसूल खात्यात नोकरी लागून दीड वर्ष झालं. संजय गांधी निराधार योजनेच्या टेबलावर पडून राहिलेली प्रकरणं तू दोन महिने संध्याकाळी थांबून काढलीस, गाववार यादी केलीस, कुणाचा कोणता दाखला कमी आहे ते लिहिलंस. बैठकीत त्या यादीचं कौतुक झालं, पण शेजारच्या टेबलावरच्या भाऊसाहेबांचं. तू गप्प बसलीस. मग आठ दिवसांत तुझ्या एका पत्राला उशीर झाल्याची गोष्ट साहेबांच्या केबिनपर्यंत पोचली. ती कुणी पोचवली, हे शिपायापासून सगळ्यांना माहीत आहे. आणि शेवटी तू मला विचारलंस, "आत्या, पुढं जायचं तर मलाही हे राजकारण शिकावं लागेल का?"

ओळखायला शिकावंच लागेल. करायला शिकू नकोस. या दोन वाक्यांच्या मध्ये माझी सदतीस वर्षांची नोकरी आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी १९८१ साली लिपिक म्हणून लागले तेव्हा एकवीस वर्षांची होते. पहिल्याच वर्षी एका तालुक्याच्या कचेरीत माझ्यावर आळ आला. कुळकायद्याची एक संचिका सापडत नव्हती. पक्षकार म्हातारा, दर आठवड्याला एसटीनं यायचा आणि दाराशी उकिडवा बसायचा. एका ज्येष्ठ कारकुनांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "नवीन बाईंकडे दिली होती मी." माझ्याकडे ती कधी आली नव्हती. पण आली नव्हती हे मी दाखवणार कशी? तेव्हा आम्ही संचिका एकमेकांच्या टेबलावर नुसत्या ठेवायचो. "घ्या हो जरा" म्हणायचं आणि निघून जायचं. मी घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तू परवा रडलीस तशीच.

नंतर काय घडलं ते नीट वाच, कारण नगर जिल्ह्याच्या कचेऱ्यांसाठी ती मोठी गोष्ट होती आणि आज तू ज्या पद्धतीनं काम करतेस ती तिथूनच आली आहे. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीच्या त्या वर्षांत अनिलकुमार लखिना नावाचे जिल्हाधिकारी नगरला आले. कचेरीतला खरा रोग त्यांनी टेबलावर शोधला. कारकुनाच्या टेबलावर, टेबलाखाली, कपाटावर, खिडकीत कागदांचे ढीग असायचे. कोणता कागद चालू आहे, कोणता मेलेला आहे, कोणता उत्तराची वाट बघतो आहे, हे फक्त त्या कारकुनाला ठाऊक. कधी त्यालाही नाही. त्यांनी प्रत्येकाला आपल्या टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायला लावले. हातावरची प्रलंबित प्रकरणं, दुसऱ्याच्या उत्तराची प्रतीक्षा असलेली प्रकरणं, ठरल्या मुदतीत पाठवायची नियतकालिकं, स्थायी आदेशांची संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं आणि नष्ट करायचे 'ड' वर्गाचे कागद. एवढंच. जुन्या अभिलेखांचीही वर्गवारी झाली. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' तीस वर्षांचा, 'ड' एका वर्षाचा. पुढं ही पद्धत साऱ्या महाराष्ट्रानं घेतली आणि आजही तिला लखिना पॅटर्न म्हणतात. तुमच्या प्रशिक्षणात हे एका तासात उरकलं असेल. आम्ही ते अंगावर धूळ घेऊन शिकलो.

आमच्या कचेरीत कपाटं रिकामी करायला लागलो तो दिवस मला आजही दिसतो. तोंडाला पदर बांधलेला, रुमालात बांधलेली दप्तरं सोडली की कसर भुरभुर खाली पडायची. काही कागद हातात घेताच पापुद्र्यासारखे तुटायचे. तिसऱ्या दिवशी दुपारी एका कपाटाचा सगळ्यात खालचा खण ओढला. तो अडकला होता. शिपायानं पाय लावून ओढला तेव्हा निघाला. जुन्या वर्तमानपत्रांच्या घड्या, एक मोडकी छत्री आणि त्याखाली ती संचिका. कपाट त्या ज्येष्ठ कारकुनांचंच होतं.

सगळी कचेरी माझ्याकडे बघत होती. मी काय बोलते म्हणून वाट पाहत होती. माझ्या तोंडावर शब्द आले होते, खोटं कशाला बोलू. पण मी पेन घेतलं, कोऱ्या कागदावर तारीख घातली आणि "सदर संचिका आज रोजी अमुक कपाटात मिळून आली" एवढं लिहिलं. शिपायाची आणि नाझरांची सही घेतली. खाली माझी सही केली आणि कागद संचिकेला लावून वर पाठवला. कुणाबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. त्या गृहस्थांनी माझी कधी माफी मागितली नाही. पण त्यानंतर त्या कचेरीत मी असेपर्यंत कुणीही "बाईंकडे दिली होती" असं वाऱ्यावर म्हटलं नाही.

त्या दिवशी मला जे समजलं तेच तुला द्यायचं आहे. कचेरीतलं राजकारण अंधारात वाढतं. कोणता कागद कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं, तिथं ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं ठरतं. कागदाची जागा ठरली, तारीख पडली, सही झाली की आवाजाची किंमत उतरते. म्हणून तुझ्या हातातून जाणारी प्रत्येक संचिका हस्तबटवड्याच्या वहीत नोंदवून दे आणि समोरच्याची सही घे, मग तो तुझा जिवलग मित्र का असेना. पत्र गेलं की स्थळप्रत आणि पोच जागेवर लाव. आता तुमच्याकडे संगणकावर ई-ऑफिस आलं आहे, तिथं प्रत्येक हालचालीची वेळ आपोआप नोंदते. तरीसुद्धा निम्मी कामं अजून "घ्या हो जरा"वरच चालतात, हे तूच मला सांगितलंस. आणि कार्यविवरण पंजीचा साप्ताहिक गोषवारा, म्हणजे मागची शिल्लक, नवी आवक, झालेली निर्गती, उरलेली शिल्लक, तो दर सोमवारी कुणी मागितला नाही तरी ठेव. तुझ्या पत्राला उशीर झाला, असं कुणी केबिनमध्ये जाऊन सांगेल तेव्हा साहेबांच्या टेबलावर तुझा गोषवारा आधीच असला पाहिजे. चुगली करणारा नेहमी आधी पोचतो, हीच त्याची ताकद असते. तू त्याच्या आधी कागदानं पोच.

आता त्या यादीचं. तुझं काम, नाव दुसऱ्याचं. हे सगळ्यात जास्त लागतं, मला माहीत आहे. तू लहान असताना आपण पाथर्डीच्या रस्त्यानं डोंगरावर गेलो होतो. ती तीन मजली आठ कोनी दगडी इमारत, जिथून सगळं नगर दिसतं, ती आठवते? "चांदबिबीचा महाल" म्हणून तू तिथं उड्या मारत होतीस. तो चांदबिबीचा महाल नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. मुर्तझा निजामशहाचा तो मंत्री. राज्याचा कारभार त्यानं वर्षानुवर्षं पाहिला, मग दरबाराची मर्जी फिरली आणि त्याच्या वाट्याला कैद आली. त्याची कबर चारशे वर्षांहून जास्त काळ डोंगरावर उभी आहे आणि सगळा जिल्हा तिला दुसऱ्याच्या नावानं ओळखतो. नाव चिकटलं की सुटत नाही, सोनू. म्हणून ते पहिल्याच दिवशी बरोबर जागी पडलं पाहिजे.

तुझी यादी तू हातानं, तोंडी दिलीस ना? "भाऊसाहेब, ही यादी झाली" म्हणून? तिथं चूक झाली, आणि ती तुझी झाली. यादीला चार ओळींची टिपणी लावायची. "माहे अमुक अखेर प्रलंबित प्रकरणांची गाववार यादी तयार करून सोबत सादर. त्रुटी पूर्ततेसाठी संबंधितांना पत्र देणे उचित होईल. मान्यतेस्तव सादर." आणि डाव्या हाताला तुझी संक्षिप्त सही, तारखेसह. उजवीकडे वरचे लोक सह्या करतील. ते त्यांचं स्थान आहे, त्याला हरकत घेऊ नकोस. पण डावीकडची सही तुझी आहे. संचिका वर चढत जाते, सह्या वाढत जातात, तरी काम कुठून सुरू झालं ते डावीकडे लिहिलेलं राहतं. साहेब बदलतील, भाऊसाहेब निवृत्त होतील, ती सही तिथंच असेल. बैठकीत टाळ्या त्यांना मिळाल्या तर मिळू देत.

आणि भाऊसाहेबांशी भांडू नकोस. पुढच्या कामाला त्यांच्याकडे जा आणि सरळ म्हण, "मागच्या यादीत तुमचं मार्गदर्शन होतं, या वेळी टिपणी मी टाकते, तुम्ही तपासून द्या." आवाज शांत ठेव. माणूस दहापैकी आठ वेळा तिथंच ओशाळतो. उरलेल्या दोन वेळा निदान त्याला कळतं की या मुलीच्या लक्षात राहतं.

डोंगरावरच्या इमारतीचा विषय निघालाच आहे तर चांदबिबीचंही सांगते, कारण तिची गोष्ट मला सलाबतखानापेक्षा जास्त छळते. १५९५ च्या अखेरीस मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा ती स्वतः तटावर उभी राहून लढली आणि किल्ला राखला. पाच वर्षांनी, १६०० साली, मोगल पुन्हा आले. किल्ल्यात धान्य नाही, माणसांत एकी नाही, म्हणून ती तहाची बोलणी करायच्या विचारात होती. तेवढ्यात कुणी तरी ओरड उठवली की बाईनं किल्ला शत्रूला विकला. विचारायला कुणी थांबलं नाही. तिच्याच माणसांनी तिला मारलं. थोड्याच दिवसांत किल्ला मोगलांनी घेतला. त्या तटाच्या बाजूनं मी कितीदा गेले असेन, आणि दर वेळी हेच मनात येतं की तिला तोफेनं नाही मारलं, एका अफवेनं मारलं.

म्हणून कुजबुजीपासून लांब राहा, असं कोणीही सांगेल. मी माझी गोष्ट सांगते, जी मी आजवर कुणालाच सांगितली नाही, तुझ्या बाबालाही नाही.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे एक बाई अनुकंपावर लागल्या. नवरा नोकरीत असताना वारला, पदरात दोन लहान मुलं. शिक्षण बेताचं, टिपणी जमायची नाही. त्यांच्या टेबलावर काम साठायचं आणि दुपारच्या डब्याला त्यांच्या नावानं हसू व्हायचं. त्यांनी लिहिलेली वाक्यं कुणी तरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. मी हसले नाही, पण मी उठूनही गेले नाही. तिथंच बसून डबा खात राहिले. मला टिपणी चांगली यायची. दिवसाला अर्धा तास त्यांच्या शेजारी बसले असते तर तीन महिन्यांत त्यांना यायला लागली असती. मी बसले नाही, कारण त्या टोळक्याशी वाईटपणा घ्यायची मला भीती वाटली. एक दिवस त्यांनी विनंती अर्ज करून लांबच्या तालुक्याला बदली करून घेतली. जाताना सगळ्यांना चहा दिला. मलाही दिला. तो चहा मी प्यायले.

तुझ्या कचेरीत असं कोणी असेल. शोध. त्यांच्या शेजारी जाऊन बस. यात तुझ्या बढतीचा काही संबंध नाही, पण माणूस म्हणून तुला ते पुढं उपयोगी पडेल आणि मला बरं वाटेल.

बायकांच्या बाबतीत कुजबूज लवकर चारित्र्यावर जाते, हे तुला मी सांगायला नको. कामावरून बोललेलं सोसता येतं. अंगचटीचं, सूचक, घाण बोलणं सोसायचं नाही. २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं काम करतात अशा प्रत्येक ठिकाणी अंतर्गत तक्रार समिती असायलाच हवी, तिच्या अध्यक्षपदी बाईच हवी, आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यायची असते. तुमच्या कचेरीत समितीच्या नावांचा फलक कुठं लावला आहे तो उद्याच बघून ठेव. गरज पडू नये. पण पडल्यावर शोधायची वेळ येऊ नये. आमच्या काळात हे काही नव्हतं, आम्ही फक्त पदर आवळायचो आणि टेबल बदलून मागायचो. तू तसं करू नकोस.

साहेबांबद्दल. तू म्हणालीस, "साहेब त्यांचंच ऐकतात." बाळ, साहेबाच्या खुर्चीत मी शेवटची काही वर्षं बसले आहे. सकाळी साडेनऊला वरून व्हीसी, अकराला आमदारांचा फोन, दुपारी रस्त्याच्या वादाची सुनावणी, संध्याकाळी वाळूच्या गाडीमागं धाव, मधे निवडणुकीचं काम. त्या गर्दीत जो समोर उभा राहून बोलतो त्याचंच कानावर पडतं. यात प्रत्येक वेळी पक्षपात नसतो, पुष्कळदा दमणूक असते. तू कधी साहेबांपुढं उभी राहिलीस? आठवड्यातून एकदा, गर्दी व्हायच्या आधी, एक कागद घेऊन जा. तीन प्रश्न, त्यांवर तुला सुचलेली तीन उत्तरं. पाच मिनिटांत बाहेर ये. अडचण घेऊन येणारे पन्नास असतात, उत्तर घेऊन येणारा साहेबाला चेहऱ्यानं लक्षात राहतो. तेवढं करणं म्हणजे लाचारी नव्हे.

मर्जी आणि भरवसा यांतला फरक मात्र ओळख. बदल्यांचा कायदा तुला माहीत असेल. आपल्याच पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी उपोषणं करून ज्या मागण्या लावून धरल्या त्यांतून तो आला, २००५ चा, आणि १ जुलै २००६ पासून लागू झाला. नेहमीचा पदावधी तीन वर्षांचा, मुदतीआधी हलवायचं तर लेखी कारण हवं. त्याच कायद्यात दफ्तर दिरंगाईचंही आहे. साधारणपणे कोणतीही संचिका एका टेबलावर कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. म्हणजे साहेब फार तर तीन वर्षांचा, आणि त्याची मर्जी त्याच्याबरोबर गाडीत बसून जाते. मी अशी माणसं पाहिली आहेत जी एका साहेबाची सावली झाली आणि दुसऱ्या साहेबानं पहिल्याच आठवड्यात त्यांना कोपऱ्यातल्या टेबलावर टाकलं. भरवसा मात्र जाणारा साहेब येणाऱ्याला सांगून जातो. "त्या मुलीकडची संचिका डोळे झाकून सही करा" एवढं एक वाक्य. ते वाक्य कमवायला मला आठ वर्षं लागली.

आता जड गोष्ट. २०१३ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यात दुष्काळ होता, ठिकठिकाणी चारा छावण्या होत्या. सकाळी दावणीला जनावरं मोजायची, दुपारी देयकं तपासायची, रात्री माहिती वर पाठवायची, असे दिवस होते. एका छावणीचं देयक आलं. तपासणी अहवाल जोडलेला नव्हता. वरून तोंडी सांगणं आलं, "आजच सादर करा, अहवाल नंतर लावू." कोण, कुठला, ते लिहीत नाही. मी टिपणी टाकली, "तपासणी अहवाल संचिकेत उपलब्ध नाही. अहवाल प्राप्त झाल्यावर देयक सादर करणे उचित होईल. आदेशार्थ सादर." संचिका माझ्याकडे परत आली, अक्षरशः टेबलावर आपटली गेली. मी म्हटलं, "साहेब, आपण उजवीकडे लेखी आदेश करा, मी लगेच पुढची कार्यवाही करते." आदेश झाला नाही. महिन्याभरात माझं टेबल बदललं.

त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयानं सुब्रमणियन आणि इतर सनदी अधिकाऱ्यांच्या खटल्यात सांगितलं की तोंडी आदेशांवर काम करू नये, आदेश लेखी नोंदले गेले पाहिजेत. मी ती बातमी वर्तमानपत्रातून कापून डायरीत ठेवली. अजून आहे. पुढं लेखापरीक्षणात त्या छावणीचा प्रश्न निघाला तेव्हा माझी टिपणी संचिकेत होती, आणि मला एकही प्रश्न विचारला गेला नाही.

पण सोनू, तुला अर्धवट सांगायचं नाही. त्या वर्षी माझ्या गोपनीय अहवालात प्रतवारी एक पायरी उतरली. २००८ मध्येच देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो की वाईट, कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे. म्हणून मला प्रत मिळाली. मी मुदतीत अभिवेदन दिलं. शेरा बदलला नाही. नायब तहसीलदार म्हणून बढती माझ्याबरोबरच्यांना मिळाल्यावर वर्षभरानं मला मिळाली. ते वर्ष मला परत मिळालं नाही आणि त्याचं दुःख गेलं, असंही नाही. सरळ चालणाऱ्याचं नेहमी भलंच होतं, असं तुला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नकोस. मी एवढंच सांगू शकते की निवृत्तीनंतर दारावर नोटीस घेऊन कुणी येईल, ही धास्ती मला कधी वाटली नाही. माझ्या ओळखीच्या काही जणांना ती वाटते. सुरुवातीला ते माझ्यापेक्षा पुढं गेले होते.

तर पुढं जायचं कशानं? तुझ्या खात्यात त्याचं उत्तर सोपं आहे आणि म्हणूनच लोक ते टाळतात. परीक्षा. दुय्यम सेवा परीक्षा आणि त्यानंतर महसूल अर्हता परीक्षा, ठरलेल्या मुदतीत, ठरलेल्या संधींत. ती वेळेत झाली नाही तर ज्येष्ठता घसरते, आणि एकदा घसरलेली ज्येष्ठता कोणत्याही साहेबाची मर्जी वर चढवून देत नाही. आमच्याबरोबरचे किती तरी हुशार लोक "पुढच्या वेळी बघू" म्हणत राहिले आणि त्यांच्या नंतर लागलेली मुलं त्यांचे साहेब झाली. मग त्यांना सगळीकडे राजकारणच दिसायला लागलं. सेवाज्येष्ठतेची यादी प्रसिद्ध झाली की तुझं नाव, तारीख, क्रमांक स्वतः तपास. चूक असेल तर हरकत मुदतीत दे. "होईल दुरुस्त" म्हणणाऱ्यावर विसंबू नकोस.

आणि कायदा वाच. १९६६ ची जमीन महसूल संहिता रोज दोन कलमं, एवढंच. उदाहरण देते. आपल्याकडे निम्मी भांडणं बांधावरच्या रस्त्याची. शेतकरी येतो, रागानं थरथरत असतो, म्हणतो रस्ता अडवला. कारकून म्हणतो अर्ज द्या. पण कोणता? असलेला रस्ता अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाचं कलम ५. रस्ताच नसेल आणि बांधावरून नवा हवा असेल तर संहितेचं कलम १४३. चुकीच्या कलमाखाली अर्ज गेला की त्या माणसाची दोन वर्षं जातात, आणि त्याच्या उसाची गाडी शेताबाहेर निघत नाही. हे ज्या टेबलावर पाच मिनिटांत कळतं ते टेबल सगळ्या तालुक्याला माहीत होतं. गावचा माणूस बाहेर जाऊन सांगतो, "त्या ताईंकडे जा." मग कचेरीत कुणी कितीही कान भरोत, तुला हलवताना साहेबाला विचार करावा लागतो. तुझी खरी ताकद त्या दाराशी उकिडव्या बसलेल्या माणसात आहे. माझ्या पहिल्या वर्षी तो म्हातारा तिथंच बसायचा. त्याची संचिका सापडली त्या दिवशी तो आला नव्हता. पुढच्या आठवड्यात आला तेव्हा मी स्वतः उठून त्याला सांगितलं. त्यानं हात जोडले आणि पिशवीतून चार पेरू काढून टेबलावर ठेवले. आम्ही काही घेत नाही, असं मी म्हटलं, तर म्हणाला, "लेकीला देतोय, तुम्हाला कुठं?" दोन मी त्याच्याच पिशवीत परत ठेवले, दोन शिपायाला दिले.

आता काही बारीक गोष्टी. सही करताना घाई करत जाऊ नकोस. दमलीस की रजा घे, शिल्लक रजा मिरवायची वस्तू नाही. डबा टेबलावर खाऊ नकोस, चार बायकांबरोबर खा, पण तिथं कुणाचं नाव निघालं की पाणी आणायला ऊठ.

या रविवारी दुपारी ये. माझी संहितेची जुनी प्रत, पेन्सिलच्या खुणांसकट, तुझ्यासाठी काढून ठेवली आहे. रस्त्याच्या कलमांना लाल दोरा लावला आहे. येताना तुझ्या कार्यविवरण पंजीच्या मागच्या दोन महिन्यांच्या पानांचे फोटो आण, आपण बसून बघू. आणि त्या यादीला टिपणी लावून, तारीख घालून, डावीकडे सही करून सोमवारी सादर कर. अजून उशीर झालेला नाही.

तुझी,
आत्या